मांडीवर नमुना घेऊन वर्ल्डकपला

फुटबॉल वर्ल्डकपची मॅच लाइव्ह कशी बघायची, हे हल्ली कुणी विचारत नाही. फोन काढायचा आणि बघायची. मी मात्र १९९८ साली त्यासाठी जोह्याहून पार रोह्याजवळच्या अष्टमी गावी गेले होते, सासऱ्यांना सोबत घेऊन आणि मांडीवर गणपती ठेवून. कुणाला असाच प्रवास करायची हौस असेल तर पुढे वाचा. नसेल तरी वाचा, कारण यात चुका भरपूर आहेत.

जोहे म्हणजे पेणजवळचं गणपतीच्या कारखान्यांचं गाव. जून महिन्यात आमच्या घरात माणसांपेक्षा गणपती जास्त असायचे. ओटीवर गणपती, माजघरात गणपती, जिन्याखाली सोंडा वाळत ठेवलेल्या. टीव्हीच्या खोलीत फळ्या टाकून तीन मजले चढवलेले, आणि त्यांच्या मागे भिंतीशी, जुन्या चादरीत गुंडाळलेला आमचा टीव्ही. त्याच्यापर्यंत पोचायला शंभरेक देव हलवावे लागले असते. ते हलवायची परवानगी फक्त सासूबाई देऊ शकत होत्या, आणि त्यांनी मला एका वाक्यात वाटेला लावलं होतं. "गणपती होऊ देत, मग बघ काय बघायचं ते."

वर्ल्डकप काही गणपतीपर्यंत थांबणार नव्हता. मला सगळ्या मॅच नकोच होत्या. एकच हवी होती, पण लाइव्ह. माझं माहेर रोह्याच्या आतल्या एका गावात. तिथे भात कापून शेत मोकळं झालं की भाऊ बॉल खेळायचे, आणि गोलात उभं राहायला कुणी तयार नसायचं म्हणून मला उभं करायचे. तेव्हापासून जगातला प्रत्येक गोलकीपर मला सख्खा वाटतो. पण त्यांची कामगिरी मला नेहमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळायची, सगळं घडून गेल्यावर. बॉल हवेत आहे आणि पुढे काय होणार हे अजून कुणालाच ठाऊक नाही, असं मला एकदा तरी बघायचं होतं. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो क्रिकेटवाला.

माझी गट्टी अण्णांशी जमली. अण्णा म्हणजे सासरे. जोह्यात मूर्तीचे डोळे आखणारे जे दोनचार हात होते, त्यांतला एक त्यांचा. रंगाच्या बशा ठेवायला पेपर लागतो या सबबीवर ते रोजचा पेपर आधी ताब्यात घ्यायचे आणि शेवटच्या, खेळाच्या पानावर बशी कधीच ठेवायचे नाहीत. हे माझ्या लक्षात आलं, आणि माझ्या लक्षात आलंय हे त्यांच्या. एका सकाळी डोळा आखता आखता, मान वर न करता ते म्हणाले, "तुझ्या मावशीकडं रंगीत टीव्ही हाय ना गो?"

होता. अष्टमीला, सुमनमावशीकडे. माझा मावसभाऊ कंपनीत लागला आणि पहिल्या बोनसात त्याने टीव्ही आणला. अण्णांनी बेत तिथल्या तिथे आखला. रोह्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराला नमुना हवा होता. नमुना म्हणजे पूर्ण रंगवलेली एक मूर्ती. ती दुकानात मांडायची, गिऱ्हाइकांनी बघायची आणि तशा मूर्तींची मागणी नोंदवायची. नमुना पोचवायला अण्णा जाणार, आणि सूनबाई जाता जाता मावशीला भेटणार. सासूबाईंनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "एवढीशी मूर्ती न्यायला दोघं?" त्या म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "पाऊस हाय. एकानं मूर्ती धरायची, एकानं छत्री."

आता प्रवासाची माहिती. जोह्याहून एसटीने पेण, पेणच्या स्टँडवरून रोह्याची एसटी. तिकिटाचे तेव्हाचे दर आज सांगून उगाच जीव जाळत नाही. सकाळचं काम उरकून निघालात तर संध्याकाळच्या मॅचच्या आत आरामात पोचाल. निघताना पेणचे पोह्याचे पापड घ्या, मावशीवर्गात त्यांना वजन आहे. बसमध्ये बसायला जागा हवी असेल तर मांडीवर गणपती ठेवा. आमच्या मूर्तीला प्लास्टिक गुंडाळलं होतं आणि तोंडावर रीतीप्रमाणे रुमाल होता. कंडक्टरने बघितलं आणि पुढच्या सीटवरच्या दोन धडधाकट माणसांना उठवलं.

"एवढ्या लवकर गणपती?" त्याने विचारलं.

"नमुना हाय," अण्णा म्हणाले.

तरी कंडक्टरने घंटी मारायच्या आधी मूर्तीला नमस्कार केला. गडबच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. तिने डोक्यातलं जास्वंदीचं फूल काढून रुमालावर ठेवलं आणि नागोठण्यापर्यंत हात जोडूनच बसली. अण्णा माझ्या कानात म्हणाले, "परवा ह्या मूर्तीवरच मांजर झोपलेलं." मी खिडकीतून बाहेर बघत हसू दाबलं. वडखळपर्यंतचे खड्डे, नागोठण्याच्या स्टँडवरचा तिखट वडा आणि भिसे खिंडीतलं धुकं, हे सगळं मला त्या दिवशी फार आवडलं. मॅच सहाला होती आणि आम्ही चारच्या सुमाराला रोह्याच्या बाजारात होतो.

दुकान बंद. शेजारचा म्हणाला, मालक लग्नाला महाडला गेलेत, उद्या येतील. मूर्ती कुणाकडे ठेवून द्यायला अण्णा तयार होईनात. मी म्हटलं, मावशीकडे नेऊ, उद्या सकाळी दुकानात देऊ आणि घरी जाऊ. म्हणून आम्ही कुंडलिकेच्या पुलावरून चालत अष्टमीला निघालो, पुढे मूर्ती घेऊन अण्णा, मागे छत्री धरून मी.

मोठी चूक झाली ती इथे. पेणकरांच्या दृष्टीने मूर्ती हा माल. आम्ही तिला कडेला सरकवतो, उलटी करून बुड बघतो, तिच्यावर मांजर झोपलं तर मांजराला हाकलतो. देव व्हायला तिला अजून चतुर्थी लागते. पाच वर्षं जोह्यात नांदून मीही पक्की पेणकरीण झाले होते, आणि बाहेरच्या जगात मूर्तीला काय म्हणतात ते साफ विसरले होते.

मावशीने दार उघडलं, अण्णांच्या हातात बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "थांबा. तिथंच उभे राहा." ती आत पळाली. तांब्याभर पाणी आणि दूध आणलं, अण्णांच्या पायांवर घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, मूर्तीचा रुमाल काढला आणि अण्णांना कुंकू लावलं.

"अवो ताई, नमुना हाय," अण्णा म्हणाले. "माती हाय अजून."

"तुमच्याकडं माती. माझ्या दारात आला तो देव."

देव बसवायचा कुठे? उंच आणि स्वच्छ जागा घरात एकच होती. मावशीने टीव्हीवर पाट ठेवला, पाटावर लाल कापड अंथरलं आणि गणपती टीव्हीवर विराजमान झाला. मी घड्याळाकडे बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

पुढची बातमी आणखी वाईट होती. व्याही येणार म्हणून मावशीने अंड्यांनी भरलेल्या, गाबोळीवाल्या चिवण्यांचं कालवण केलं होतं. ज्यांना चिवणी माहीत नाही त्यांच्यासाठी: पावसाच्या तोंडावर खाडीत मिळणारा हा मासा वर्षातून थोडेच दिवस मिळतो आणि त्यासाठी रायगडातली माणसं भांडणं मिटवतात. देव घरात, म्हणजे मासे घराबाहेर. टोप जसाच्या तसा शेजारी गेला. तो कुंपणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत अण्णा दारात उभे होते.

जाताना टोपाने शेजारी बातमीही नेली. ज्येष्ठात गणपती आला म्हटल्यावर आळीतल्या बायका फुलं, दूर्वा घेऊन आल्या. कुणी नारळ आणला, कुणी टाळ. मी मावशीला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "मावशी, सहाला मॅच हाय. बारीक आवाजात लावते."

"त्याच्या पायाखाली?" मावशी म्हणाली. "वर देव बसलाय आणि खाली चड्डीतले बाप्ये लाथा मारनार?"

सहा वाजले. फ्रान्समध्ये कुठेतरी शिट्टी वाजली असेल. आमच्याकडे आरती सुरू झाली. एक संपली की कुणीतरी दुसरी उचलायचं. रोह्याच्या बायकांना इतक्या आरत्या पाठ असतील याची मला कल्पना नव्हती. मीही टाळ्या वाजवत होते आणि मनातल्या मनात मिनिटं मोजत होते. खरं सांगते, मला रडू यायला लागलं होतं. एवढं खोटं बोलून, एवढे खड्डे खाऊन आले, आणि मॅच माझ्यापासून एका बटणाच्या अंतरावर होती.

अर्धा खेळ संपला असेल, तेव्हा आरत्याही संपल्या. मावशी प्रसाद वाटत होती आणि बायका पांगायला लागल्या होत्या. मग मला सुचलं.

"मावशी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चतुर्थीच्या आधी आलेला गणपती म्हणजे पाव्हणा. आमच्या जोह्यात पाव्हण्या गणपतीला असं नाय बसवत."

बायका माझ्याकडे वळल्या. पेणच्या बाईने गणपतीबद्दल काही सांगितलं की रोहेकर ऐकून घेतात.

"मग कसं बसवतात?" मावशीने विचारलं.

"तूच सांग. पाव्हणा आला तर त्याला टीव्हीवर बसवतेस का टीव्हीसमोर?"

मावशीने अण्णांकडे बघितलं. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या बाबतीत खोटं बोलणार होते. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी भटजीच्या गांभीर्याने म्हणाले, "समोरच. अशीच रीत हाय."

मावशीने अक्षता टाकल्या, हात जोडून माफी मागितली आणि तिने व अण्णांनी मिळून पाटासकट गणपती समोरच्या पलंगावर हलवला. मी बटण दाबलं. दुसरा हाफ नुकताच सुरू झाला होता, शून्य-शून्य.

संघ कोणते ते सांगत नाही. सांगितलं की तुम्ही निकाल शोधाल आणि मजा घालवाल. तो गोलकीपर पिवळ्या हातमोज्यांचा होता, एवढं पुरे. जाणाऱ्या बायकाही प्रसाद हातात धरून थांबल्या. खाली जमिनीवर आम्ही, वर पलंगावर गणपती.

"तिकडं ऊन कसं?" मावशी म्हणाली. "इथं तर अंधार पडलाय."

"तिकडं दुपार हाय. हे आत्ता चाललंय, मावशी. आपण बोलतोय ना, त्याच टायमाला."

मावशीला हे पचायला वेळ लागला. "म्हणजे पुढं काय होनार ते कुणालाच ठाऊक नाय?"

"नाय."

तिने वळून पलंगाकडे बघितलं. "त्याला ठाऊक असंल."

"नाय वो," अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "माती हाय."

शेवटच्या काही मिनिटांत पिवळ्या हातमोज्यांच्या विरुद्ध पेनल्टी मिळाली. मी कधी उठून उभी राहिले ते मला कळलं नाही. मारणारा धावत आला, बॉल उजव्या कोपऱ्याकडे सुटला, आणि सासऱ्यांसमोर, मावशीसमोर, अख्ख्या आळीसमोर साडीतली मी उजवीकडे झेपावले. नैवेद्याला आणलेल्या दुधाचा तांब्या उलथला. बॉल पिवळ्या हातमोज्यांना लागून बाहेर गेला. मी दुधात बसले होते आणि हसत होते, आणि अण्णा टाळ्या वाजवत होते. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला असेल तर तो भात कापलेल्या शेतात.

दुसऱ्या सकाळी नमुना दुकानात देण्याचा प्रश्नच उरला नव्हता. अक्षता पडल्या, आरत्या झाल्या, नैवेद्य झाला. असा देव कुणी दुकानात मांडत नाही. आळीने वाजतगाजत त्याला कुंडलिकेत पोचवला. स्वतः आखलेले डोळे पाण्यात जाताना अण्णांनी काठावरून बघितले. परतीच्या एसटीत आम्हाला कुणी जागा दिली नाही. नागोठण्यापासून उभ्यानेच अण्णा मला खोटं पढवत होते. दुकान बंद होतं, मूर्ती मावशीकडे ठेवली, दुकानदार नेईल.

घरी सासूबाई सोंडांना पॉलिश पेपर मारत होत्या. "दिला नमुना?" त्यांनी विचारलं. अण्णांनी सुरुवात केली, पण माझ्याच्याने ते ऐकवेना. मी म्हटलं, "आई, मॅच बघायला गेलो होतो. मला बघायची होती. नमुना बुडाला." आणि चिवण्यांपासून तांब्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. हातातली सोंड खाली ठेवली, हात झटकले आणि म्हणाल्या, "दुकानदाराला दुसरा नमुना लागंल. मी घेऊन जाते." अण्णा म्हणाले, तुला कुठं वाट ठाऊक? त्या म्हणाल्या, "एसटीला ठाऊक हाय."

दोन दिवसांनी त्या गेल्या. नमुना सरळ दुकानात दिला आणि मग अष्टमीला विहिणीकडे उतरल्या. एक रात्र राहणार होत्या, तीन राहिल्या. कारखान्यात काम तुंबलं, अण्णांनी दोनदा आमटी करपवली. त्या परतल्या तेव्हा माझा पहिला प्रश्न मॅचचाच होता.

"बघितली की. तिन्ही दिवस," त्या म्हणाल्या.

"कोण जिंकलं?"

"ते कोन बघतंय गो," सासूबाई चपला काढत म्हणाल्या. "मी खुर्चीवर बसले होते. सुमनताई चहा हातात आनून देत होत्या. कप बी मी उचलला नाय."

वर्ल्डकपच्या त्या मॅचचा निकाल आता मलाही आठवत नाही. प्रवासाला निघणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगते: पिशवी भरा, पापड घ्या, छत्री घ्या, आणि घरातून निघताना आणखी कुणाला यायचंय का ते एकदा विचारा.