जप्त केलं तेल, परत दिलं कार्ड

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. नोकरीत चुका मी पुष्कळ केल्या. पण इतक्या शिस्तीत, पंचांसमक्ष, सही-शिक्क्यानिशी केलेली चूक ही एकच.

निवृत्ती जवळ आली होती. इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. जाता जाता एखादी मोठी केस हाती लागावी, पेपरात फोटो यावा, अशी फार हौस होती. असला अधिकारी खबऱ्याला लांबूनच ओळखू येतो. आमचा खबऱ्या म्हणाला, "सायेब, कळंबचा एक म्हातारा हाय. दर महिन्याला बारामतीला जातोय, गांजाचं तेल आणतोय आन् घरोघर वाटतोय. कपाळाला बुक्का, कुणाला संशय न्हाय."

मी एसटीच्या थांब्यावर सापळा लावला. तो म्हातारा, म्हणजे तात्या, उतरले. धोतर, टोपी, हातात वायरची पिशवी. पंचांसमोर झडती घेतली. पिशवीत औषधाच्या सात-आठ छोट्या बाटल्या आणि रबर लावलेली तेवढीच कार्डं निघाली. प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळा फोटो. वर तीन सिंह आणि खाली ठसठशीत अक्षरं – 'राज्य वैद्यकीय भांग रुग्ण ओळखपत्र'. शिवाय मुदत, क्रमांक, सिमकार्डावर असतो तसा सोनेरी चौकोन.

असलं कार्ड मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण सिंह दिसले आणि माझी पाठ ताठ झाली. शासकीय दस्तऐवज आपण कशाला अडकवून ठेवायचा, उद्या वरून विचारणा झाली तर? कार्डं मी अदबीनं तात्यांना परत केली आणि तशी पावती घेतली. बाटल्या मात्र जप्त केल्या. त्यांच्यावरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागला असता, आणि चष्मा जीपमध्ये होता. पंचांसमोर चष्मा शोधणं मला शोभलं नसतं.

ठाण्यात चौकशी सुरू केली.

"तात्या, दुसऱ्यांची कार्डं तुमच्याकडं कशी?"

"मंग? दिवाळीला कारखान्याची साखर बी सगळ्यांची मीच आणतो की. सभासदांची कार्डं गोळा करायची, ट्रॅक्टर काढायचा, पोती आणून ज्याची त्याला द्यायची. हे बी तसंच. दुखणेकऱ्यांनी कशाला हेलपाटं घालायचं?"

आमच्या भागात शेंबड्या पोराला कळेल अशी ही गोष्ट. मी जबाबात लिहवून घेतलं, 'टोळीची कार्यपद्धती'.

"कार्ड कोण देतं?"

तात्यांनी टोपी नीट केली. आवाज चढवला, चहा पाजला, पुन्हा आवाज चढवला.

"सांगितलं तर रद्द हुतंय, सायेब," एवढंच ते म्हणाले. कोठडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "मला कोंडा. पर त्यातली एक बाटली घरी पोचवा. कॅन्सरचं आपरेशन झाल्यापासून म्हातारीचा हात ठणकतोय. तिची बाटली कालच संपलीय. आजची रात तिला निघायची न्हाय."

"मुद्देमाल आहे तो. न्यायालयाच्या आदेशाशिवाय हलत नाही," मी ऐटीत सांगितलं. नियम बरोबर होता, म्हणूनच पुढे तो माझ्याच अंगाशी आला.

कारण तेवढ्यात मुद्देमालाची नोंद घेणाऱ्या आमच्या हवालदार बाई बाटली डोळ्यांजवळ धरून आल्या. "साहेब, यावर परवाना क्रमांक आहे. आयुर्वेदिक औषध आहे हे. वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं असं लिहिलंय."

बारामतीतल्या ओळखीच्या वैद्यांना फोन लावला.

"भांगेच्या पानांच्या अर्काचं औषध आहे. आम्ही रुग्ण तपासून चिठ्ठी देतो."

"आणि कार्ड?"

"कसलं कार्ड? आपल्याकडे असलं काही नसतं हो, साहेब."

म्हणजे खरं होतं ते मी मोहोरबंद केलं होतं, आणि खोटं होतं ते पावती घेऊन परत दिलं होतं.

हे अजून गिळतोय तोच, बातमी कळून, रिक्षातून तात्यांच्या पत्नी, काकू, उतरल्या. एक हात छातीशी आवळलेला, पदराचं टोक दातांत. खुर्ची दिली तर म्हणाल्या, "बसलं की जास्त ठणकतंय." भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कपाळावर घाम साचला होता.

मी हळूच विचारलं, "काकू, कार्ड कुणी करून दिलं?"

तात्या ओरडले, "बोलू नगंस! रद्द हुईल!"

"हू द्या की रद्द!" काकू कळवळून म्हणाल्या. "कार्ड कुटून प्यायचं हाय व्हय मला? औषध सायबांच्या कपाटात, आन् कार्ड तुमच्या खिशात!"

मग सगळं बाहेर आलं. बारामतीत ओळखपत्रं छापणारा एकजण दवाखान्याबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना गाठायचा. अर्ज, आधार, फोटो, 'शासकीय शुल्क'. दरवर्षी नूतनीकरण. कार्ड नसलं तर दहा वर्षं आत, आणि डॉक्टरला किंवा गावात सांगितलं तर कार्ड बाद. बाटल्याही त्याच्याकडूनच घ्यायच्या. सांगवीच्या एका कार्डवाल्यानं नूतनीकरण लांबवलं, तर त्याला फोन आला, 'पोलीस ठाण्यातून बोलतोय, रेड टाकू का?' तेव्हापासून काकू थेंब निम्मेच घेत होत्या. कार्ड वेळेत झालं नाही तरी आहे तेवढं औषध पुरलं पाहिजे म्हणून.

तात्यांना सोडलं आणि जप्त बाटली आदेशाशिवाय देता येईना म्हणून आधी काकूंना जीपनं बारामतीला नेलं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटायच्या आणि मी ड्रायव्हरवर खेकसायचो. वैद्यांनी नीट तपासलं, जुने कागद पाहिले, चिठ्ठी दिली. दुकानदारानं चिठ्ठी बघून बाटली दिली. कार्डाचं नावही काढलं नाही. काकूंनी दुकानाच्या पायरीवरच थेंब जिभेखाली घेतले. बऱ्याच वेळानं त्यांची आवळलेली मूठ सैल झाली, तेव्हा कुठे मी जीपकडे वळलो.

मग साध्या कपड्यांत त्या छापणाऱ्याकडे गेलो. गुडघेदुखीचा रुग्ण म्हणून कार्डाला अर्ज करायचा बेत होता. लंगडत आत शिरलो खरा, पण सवयीनं सरळ त्याच्याच खुर्चीत जाऊन बसलो. तो एक क्षण बघत राहिला आणि मागच्या दारानं पळाला. मागच्या दाराशी हवालदार बाई उभ्या होत्या. माझा अभिनय त्यांनी आधी पाहिलेला होता.

त्याला मी विचारलं, "लोक फसले कसे रे इतके?"

"साहेब, मला काहीच पटवावं लागलं नाही," तो म्हणाला. "नुसतं 'पोलीस' म्हणायचो."

हे उत्तर मला कुठल्याच कलमात बसवता आलं नाही. तो विकत होता ती भीती होती, आणि त्या मालाचा पुरवठा आम्हीच करत होतो, फुकट. दुखणं घेऊन आलेल्या माणसाला आधी अंमलदारासारखं बघायचं नसतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनं शिकवलं नाही, ते त्या दिवसानं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी कळंबला जबाब घ्यायला गेलो. तात्यांच्या अंगणात सगळे कार्डवाले जमले होते. खोट्या कार्डांचा पंचनामा झाला. वैद्यांची चिठ्ठी पुरते, हे मी पुन्हा पुन्हा समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग एक आबा पुढं आले.

"ते खरं, सायेब. पर आता नवं कार्ड तुमच्याकडं मिळंल का? शिक्का मारून द्या. काळजी न्हाय मंग."

तेवढ्यात काकू बाटली घेऊन बाहेर आल्या आणि भर अंगणात, सगळ्यांदेखत, माझ्या वर्दीसमोर त्यांनी थेंब मोजून घेतले. सगळे माझ्याकडे बघत होते.

काकूंनी जोत्यावर घोंगडी टाकली आणि म्हणाल्या, "बसा की, सायेब. तुमी उभं ऱ्हायलासा तर लोकास्नी वाटंल, धरायला आलाय."

मी टोपी काढली आणि बसलो.