ब्रह्मपुरी ते कुरखेडा: मुलगी सायकलवर, मी जीपमध्ये

उशीर झाला, माफ करा. कुरखेड्याचा रस्ता कसा आहे, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं, त्याला तीन आठवडे झाले. रस्ता चांगला आहे. उशीर माझ्यामुळे झाला.

माझी मुलगी प्रज्ञा ब्रह्मपुरीला कचेरीत नोकरी करते. जावई चंद्रपूरला नोकरीला, प्रज्ञा आणि सहा वर्षांची नात ओवी इथे माझ्याजवळ. एवढं असून प्रज्ञाने ट्रायथलॉन मनावर घेतलं. म्हणजे आधी पोहायचं, लगेच सायकल चालवायची, लगेच धावायचं. मध्ये जेवण नाही. सरावाचा कागद तिने स्वयंपाकघरात चिकटवला आहे. ओवीला ताप आला की त्यावरचं धावणं खोडून ती तिथे जिना लिहिते आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चढउतार करते. मी सातवीपर्यंत शिकलो. एकदा लावलेलं वेळापत्रक खोडायचं नसतं, एवढं मला शाळेने शिकवलं. ती म्हणते, खोडलं म्हणूनच टिकलं. पोहायला गावाबाहेरचा तलाव आहे. तिथल्या मासेमारांनी तिला आजवर दोनदा वाचवलं. ती बुडत नव्हती.

सुट्टीत माझ्या बहिणीकडे कुरखेड्याला जायचं ठरलं. प्रज्ञा सायकलने, ओवी आणि मी जीपने. अंतर चाळीसेक किलोमीटर. कुठेही पाय न टेकता दोन तासांत पोचली तर स्पर्धेचा फॉर्म भरायचा, नाहीतर या वर्षी नाद सोडायचा, असं तिने स्वतःशी ठरवून त्याच कागदावर लिहिलं होतं. मी हो म्हटलं आणि अंगणात जाऊन तीन फोन केले. हा वाघाचा मुलूख. शिवाय ट्रक, शिवाय कुत्री, शिवाय ऊन. बापाने काय करावं?

उजाडल्याशिवाय निघायचं नाही ही माझी अट होती. सातला ती निघाली. निघताना सायकलच्या दांडीला लावलेला छोटा पंप मला सैल वाटला. पडू नये म्हणून मी तो काढून माझ्या पिशवीत ठेवला. ती टोपीचा पट्टा बांधत होती, तिने पाहिलं नाही.

जीप माणसं भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर एसटी पकडा. आम्ही आठच्या सुमारास हललो. वैनगंगेच्या पुलावर डावीकडे बसा, नदी चांगली दिसते. वडशाला जीप बदलावी लागते. तिथे तर्रीपोहे खा, पण लेकरांना तर्री देऊ नका. टपरीवाला माझ्या ओळखीचा, त्याला पहिला फोन केला होता. तो खुशीत सांगत होता की बाई थांबतच नव्हत्या, शेवटी दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिलो, दोन कप चहा पाजला तेव्हाच सोडलं. मला बरं वाटलं.

विसोऱ्याला माझा साडभाऊ असतो. दुसरा फोन त्याला. त्याने तिला बाजेवर बसवून जेवू घातलं. टायर दगडासारखा लागला, तेव्हा उन्हात फुटू नये म्हणून अर्धी हवा सोडून दिली. मग त्याच्या पंपाचं तोंड तिच्या सायकलला बसेना. आमची जीप पोचली तेव्हा प्रज्ञा कडेला उभी होती. म्हणाली, पंप रस्त्यात पडला वाटते. मी म्हटलं, पडला असेल. पिशवी माझ्या मांडीवर होती.

तिसरा फोन याच जीपवाल्याला होता, टपावर जागा ठेव म्हणून. त्याने तांदळाच्या पोत्यांच्या दोराने सायकल टपावर आवळली. शेजारच्या बाईने प्रज्ञाला जागा करून दिली आणि विचारलं, "सायकलनं काऊन जाऊन राह्यली? नवरा काई बोलला काय?"

प्रज्ञाने सराव म्हणून सांगितलं.

"लगन झालं, लेकरू झालं, आता कायचा सराव?"

जीप हसली. मीही थोडा हसलो. पुढे जंगल लागतं, सागाची पानं एवढी मोठी की ओवी मोजत बसली. प्रज्ञा बाहेर पाहत होती.

कुरखेड्याला बहिणीने नव्या तांदळाचा भात आणि वालाच्या शेंगांची भाजी केली होती. ओवीने बिस्किटासाठी माझी पिशवी उलटी केली. पंप सगळ्यांसमोर पडला.

प्रज्ञाने तो उचलला, पुसला. म्हणाली, "बाबा, वाघ तरी रस्ता सोडून देते. तुमी काऊन नाई सोडत?"

भात गरम होता. मी तो फुंकत बसलो.

परत आलो ते जीपनेच. भाडं जातानाचंच, फक्त सायकल चढवायला जीपवाल्याने काही घेतलं नाही. घरी येऊन तिने कागदावर त्या दिवसावर काट मारली. 'या वर्षी नाद सोडायचा' हेही खोडलं आणि पुढचा रविवार लिहिला. त्या रविवारी ओवीला खोकला. त्याच्या पुढच्या रविवारी कचेरी चालू. आता येता रविवार शेवटचा, त्याच संध्याकाळी फॉर्मची मुदत संपते. लोक विचारतात, एवढी जिद्द तिने कुठून आणली. माझ्याकडून नाही, एवढं या प्रवासात मला कळलं.

रविवारी सातला ती एकटी निघेल. मी घरी बसणार आणि कोणाला फोन करणार नाही, असं कबूल केलं आहे. म्हणून हे लिहितो, ती हे वाचत नाही. वडसा ते कुरखेडा रस्त्यावर राहणाऱ्यांनो, लाल टोपी घातलेली बाई सायकलवर दिसली तर हात करू नका. चहा दाखवू नका, टायर दाबू नका, नवऱ्याचं विचारू नका. जाऊ द्या. फक्त ती पुढे गेली की इथे खाली 'गेली' एवढं लिहा. पण लवकर लिहा हो, मी पाहत बसलेला असेन.