दोन दिवसांचं हैदराबाद आणि आमची माय

शुक्रवारी दुपारी मी माहेरच्या अंगणात बाजेवर बसून हैदराबादची तिकिटं कॅन्सल करायला निघाले होते... डोकं इतकं फिरलं होतं की मोबाईलचा पासवर्डसुद्धा चुकत होता.

माझं जिंतूरला ऑनलाईनचं छोटं दुकान आहे. दिवसभर लोकांची रेल्वेची तिकिटं काढते. कुणाचं तिरुपती, कुणाचं शिर्डी... सगळ्यांचं व्यवस्थित होतं. फक्त माझ्या घरच्यांचं होत नाही!

धाकटी बहीण रूपाली हैदराबादला विद्यापीठात एम.एस्सी. करते. येलदरीकडच्या आमच्या गावातून एवढ्या लांब शिकायला गेलेली ती पहिलीच मुलगी. जाऊन वर्ष उलटलं, पण मधे तिचं घरी येणं झालं नाही आणि घरचंही कुणी अजून तिकडे फिरकलं नव्हतं. बाकीच्या मुलींचे आईवडील येतात, हॉस्टेल बघतात, चारमिनारला फोटो काढतात... हे ती आधी सांगायची. मग सांगायचं बंद केलं.

ते बंद झालेलं मला जास्त लागलं. म्हणून मी प्लॅन केला. दोन दिवस, एक मुक्काम. पहिल्या दिवशी विद्यापीठ, दुसऱ्या दिवशी चारमिनार आणि गोवळकोंडा, संध्याकाळी परत. इतकं सोपं.

पण आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, कुठलीच तारीख चालेना. आधी सोयाबीनची काढणी. काढणी झाली तर मळणीयंत्र मिळेना. ते मिळालं तर म्हणे, "हवा बदलायलीय, माल उघड्यावर टाकून कसं यावं?" आभाळात ढगाचा ठिपका नव्हता हो!

त्यात आमचे नाना काका. "मीबी येतो" म्हणाले, आणि मग सुरू झालं. "एवढं लांब जायलोच तर नांदेडला उतरू. मंग बासरची सरस्वती करू. लेकराच्या शिक्षणाचं हाय, देवीला टाळून जाऊ न्हाई." म्हणजे दोन दिवसांत तीन गावं, आणि ज्या लेकराचं शिक्षण तिच्या वाट्याला एक तास! मी प्लॅनच बदलत बसले. सगळं ठरलं तेव्हा नानांचा गुडघा दुखायला लागला आणि ते गळाले.

शेवटी अण्णा, माय आणि मी अशी तिघांची तिकिटं काढली. भरवसा नव्हता म्हणून आदल्या दिवशीच माहेरी जाऊन बसले. जिंतूरला रेल्वे नाही, एसटीनं परभणी गाठायची आणि तिथून संध्याकाळची गाडी...

निघायची वेळ झाली आणि अण्णा गोठ्यातून हात धूत आले. "काळी शेळी आज व्यायला झालीय. पहिलटकरीण हाय. मला न्हाई येता यायचं."

बोलले असते तर वाईट बोलले असते. रूपालीला आता काय सांगू, हेच डोक्यात. ॲप उघडलं.

"तिकीट मोडू नको," मागून माय म्हणाली.

वळून बघितलं तर ती नवं लुगडं नेसून, पिशवी खांद्याला लावून उभी. पायात चपलासुद्धा घातलेल्या.

अण्णा बघतच राहिले. "तू? एकटी?"

"एकटी कशाला? पोरगी हाय की सोबत. शेळी तुमी बघा."

"आन् सैपाक?"

"भात टाका. चुलीला काय माझंच नाव सांगितलंय का?" आणि मग जरा हळू आवाजात, "वरीस झालं लेकराला बघून. शेळीचं तुमाला कळतंय, माझं कवा कळायचं?"

अण्णा आत गेले, भुईमुगाच्या शेंगांची थैली आणून माझ्या हातात दिली. "पोरीला दे." फाट्यावर एसटी येईपर्यंत आमच्यासोबत उभे राहिले आणि बस आली तशी लगबगीनं शेळीकडे पळाले.

माझ्या आठवणीत माय पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय जिल्ह्याबाहेर चालली होती. रात्रभर रेल्वेत गाढ झोपली. जागी होते ती मीच.

विद्यापीठाच्या गेटवर शिपायानं अडवलं. मी आयडी शोधेपर्यंत मायनं बोलणं सुरूही केलं होतं, "हमारी लडकी हितं शिकती. उसको देखनेको आये." तो हसला. "जाओ अम्मा."

रूपाली धावत आली, पण मधेच थांबली. आमच्या मागे कुणी येतंय का बघितलं आणि म्हणाली, "माय, खरंच तू आलीस?" मग तिथेच रस्त्यात दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही...

विद्यापीठाच्या मोठ्या दगडी इमारतीच्या पायऱ्या माय सावकाश चढली. कमानीखाली उभी राहून वर बघत राहिली. तेवढ्यात अण्णांचा फोन. शेळीला दोन पिलं झाली होती. ते सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लेक शिकती ती इमारत केवढी हाय गं?"

"आपलं आख्खं गाव बसंल आत," माय म्हणाली.

अण्णा म्हणाले, "बरं. नीट बघून ये."

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ दाखवून थकले. चारमिनार राहिला, गोवळकोंडा राहिला. मायनं रूपालीची लॅब बघितली, हॉस्टेलची खोली बघितली, मेसच्या बाईशी भाजीवरून गप्पा मारल्या आणि रूपालीच्या कॉटवर बसून तिच्या केसांना तेल लावलं. माझा सगळा प्लॅन पाण्यात!

निघताना रूपालीच्या मैत्रिणीनं विचारलं, "आंटी, हैदराबाद में क्या क्या देखा?"

माय म्हणाली, "लडकी देखी."

मी आजवर शेकडो लोकांची तिकिटं काढली असतील... पण इतकं पुरेपूर बघून परत आलेलं माणूस मला दुसरं माहीत नाही. थँक्यू, माय.