पथारीवरचा मेसेज

भटू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, मिरच्या उलटवून घेत होतो. दुकानातच छातीत कळ आली म्हणे... नंदुरबारला स्टेशन रोडवर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आमची दोस्ती शाळेपासूनची. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायचा, "हंगाम आटपू दे, मंग जासूत." हंगाम माझ्या मिरचीचा आणि जीव त्याचा गुंतलेला! उघड्यावर वाळत घातलेली मिरची अवकाळीत भिजली की काळी पडते, म्हणून थेंब पडताच मेसेज धाडणारा बोर्ड त्यानं बनवायला घेतला होता.

बोर्डनं मेसेज पाठवणाऱ्या सिमकार्डवाल्या मॉडेमला आधी 'एटी' एवढी दोनच अक्षरं पाठवायची, तिकडून 'ओके' आलं की मगच पुढचा हुकूम सोडायचा. पण ऐन मेसेजच्या वेळी मॉडेम एकदम जास्त करंट ओढायचं आणि बंद पडायचं. मी वैतागायचो, "फेकी दे ना भो ते!" तो हसायचा. "थांब, त्याले बोलू दे पहिले." शेवटी जाड कपॅसिटर लावला, वेगळा सप्लाय दिला, आणि मेसेज आला तेव्हा आम्ही दुकानात नाचायचेच बाकी होतो. यंत्राच्या उत्तराची इतकी वाट बघणारा हा माणूस स्वतःच्या छातीला मात्र "गॅस शे" म्हणून गप्प करायचा. त्याचा मला अजून राग येतो.

बोर्ड पथारीवर बसवला, पण दवानंसुद्धा मेसेज यायचा, म्हणून त्यानं नंबर स्वतःचाच टाकला होता. "खोटा मेसेजले तू काबर पळशी?" आभाळ बघून खरं पाणी वाटलं तरच तो मला कळवणार. माझा नंबर हंगामानंतर टाकायचा ठरलं होतं... तेही राहिलं.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी बाजारात मिरचीच्या लिलावात असताना त्याच्या बायकोचा, मंगलवहिनींचा फोन आला. "भाऊ, यास्ना फोनवर मेसेज उना. पथारीवर पानी शे, पळा!" ताडपत्र्या टाकल्या, माल वाचला. मग तिथेच बसून मी पोरासारखा रडलो.

नंबर बदलून घेऊ, असं सांगायला मी घरी गेलो. भटूचा फोन चार्जिंगला लावलेला होता. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. कोनी तरी यास्ले अजून मेसेज धाडस ना."

नंबर तोच ठेवला. आता सकाळी मेसेज आला की वहिनी मला फोन करतात, आणि ते नुसतं दव आहे हे ठाऊक असूनही मी पथारीवर जाऊन येतो.