दाराबाहेरचा

टाचणीताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. जन्मभर लोकांचे कपडे उसवायचे, आत घ्यायचे, सैल करायचे, आणि ते करताना ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या. म्हणून गल्लीतल्या पोरांनी हे नाव ठेवलं. ते त्यांना इतकं अंगाबरोबर बसलं की पुढे कुणी उसवायच्या भानगडीत पडलं नाही. एका इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली हे त्यांचं दुकान. त्यात एक मशीन, एक उभा आरसा, कपडे बदलायला पडद्याआड हातभर जागा. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्या कमी बोलायच्या, आणि जे बोलायच्या ते टोचायचं. "झग्यात काही खोट नाही, तुम्ही दोन महिने जेवण कमी करा," असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. गिऱ्हाईक फणकारत निघून जाई आणि पुढच्या महिन्यात दुसरा झगा घेऊन येई. शिलाईच तशी होती.

अशा बाईला कशाची भीती वाटत असेल, यावर गल्लीत कुणाचा विश्वास बसला नसता. चोर, अंधार, मरण यांना त्या भीक घालत नव्हत्या. त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची, आणि नेमकी तीच गोष्ट पुस्तकात छापून घराघरांत पोचली होती.

पुस्तकं त्यांच्या धाकट्या भावाने लिहिलेली. 'उलट्या नदीचा देश' या नावाची ती मालिका वाचली नाही असं मूल शोधून सापडणं कठीण. त्या देशात नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहते, होड्या चढावर आपोआप जातात, आणि एका उंच मनोऱ्यात एक बहीण नि एक भाऊ राहतात. रात्री मनोऱ्याचा जिना चढून कुणीतरी येतं आणि त्यांच्या दाराबाहेर उभं राहतं. त्याला तोंड किती, डोळे किती, काही सांगितलेलं नाही. त्याला नावही नाही. मुलं त्याला नुसतं 'दाराबाहेरचा' म्हणतात. तो आला की श्वास रोखायचा आणि कडी काढायची नाही, मग तो निघून जातो. पोरं हा खेळ जिन्याजिन्यांत खेळायची. चित्रकाराने कितीदा विचारलं तरी धाकट्याने त्याचं चित्र काही काढू दिलं नाही.

कारण त्याचं चित्र काढायचं तर दादाचं काढावं लागलं असतं.

दादा म्हणजे या दोघांचा मोठा भाऊ. सतराव्या वर्षी त्याचं डोकं फिरलं. तेव्हा लोक असंच म्हणायचे, आणि औषधंही तशीच होती. घरच्यांनी त्याला खालच्या खोलीत ठेवला. रात्री आई बाहेरून कडी लावायची, पण एखाद्या रात्री तिचा हात धजायचा नाही. त्या रात्री लाकडी जिना वाजायचा. वरच्या खोलीत दहा वर्षांच्या टाचणीताई आणि सहा वर्षांचा धाकटा एका पांघरुणात असायचे. पावलं दाराशी थांबायची. मग तो श्वास. लांब आत घेतलेला, मध्येच अडकणारा, तुकड्यातुकड्यांनी छातीत उतरणारा. आणि दारावरून वरून खाली हळूहळू घसरत येणारा तळहात.

"दादा आहे का गं?" धाकट्याने पहिल्या रात्री विचारलं.

आपल्या सख्ख्या दादाची भीती वाटते, हे दहा वर्षांच्या पोरीने कसं म्हणावं? तिने त्याच्या तोंडावर हात दाबला आणि त्याच्या कानात सांगितलं, "दादा नाहीये. तो दाराबाहेरचा आहे. श्वास रोखून धर, जाईल तो."

तर असा तो जन्माला आला. धाकटा मोठा झाला, लेखक झाला, नावाजला गेला. पहिलं पुस्तक छापायच्या आधी तो बहिणीकडे आला होता. "दादाला कळता कामा नये," एवढंच दोघांत ठरलं. दोन वर्षांपूर्वी धाकटा गेला. पुस्तकांचे हक्क त्याने बहिणीच्या नावे केले होते, आणि गुपितही तिच्या एकटीच्याच गळ्यात राहिलं.

दादा मात्र होता. पुढे कधीतरी त्याला औषध लागू पडलं होतं. आता तो गावाबाहेरच्या एका संस्थेत राहायचा, पांढऱ्या केसांचा, शांत, खुर्च्यांना वेत विणणारा. टाचणीताई दर रविवारी त्याला भेटायला जात. आणि दैव कसं खोडसाळ असतं पाहा: धाकट्याची पुस्तकं त्याला जीव की प्राण. संस्थेतल्या इतर म्हाताऱ्यांना तो ती मोठ्याने वाचून दाखवायचा. दाराबाहेरच्याचं पान आलं की आवाज खोल करायचा, मग स्वतःच हसायचा. "काय डोकं चालायचं गं आपल्या धाकट्याचं!" टाचणीताई मान डोलवत. एक दिवस तो वाचता वाचता थांबेल, पानावरून मान वर करेल आणि आपल्याकडे बघेल, ही ती भीती. त्यांनी ती प्रत्येक रविवारी जाताना बरोबर नेली आणि येताना परत आणली.

त्यात थीम पार्कची टूम निघाली.

कंपनीचा माणूस दुकानात आला तो तोंडात साखर घेऊनच. उलटी नदी खरीखुरी वाहणार, होड्या चढावर जाणार, मनोरा उभा राहणार. सगळं ताईंच्या होकारावर अडलं होतं. ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि ज्याला त्याला मत फुटलं. पोरं एका पायावर तयार. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "पुस्तकातलं पुस्तकातच बरं. प्रत्येक मुलाची नदी वेगळी असते. एकदा सिमेंटची केली की सगळ्यांची एकच." समोरचा किराणावाला म्हणाला, "बाई, नदी वेगळी असो की एक, माझी पोरगी चार दिवस जेवली नाही नीट. हो म्हणा."

टाचणीताईंना नदीचं काही वाटत नव्हतं. "आणि तो?" त्यांनी विचारलं. "दाराबाहेरचा?"

"तो तर सगळ्यात मोठं आकर्षण," कंपनीचा माणूस म्हणाला. "दिसणार नाही. फक्त ऐकू येणार."

फक्त ऐकू येणार म्हटल्यावर त्यांना जरा हायसं वाटलं. आणि इथेच घात झाला. नमुन्याची खोली उभारत होते त्या गोदामात कंपनीने त्यांना एकदा बोलावलं. आवाजाचं काम करणाऱ्या माणसाने तयार केलेला श्वास ऐकवला. गुरगुराट, घरघर, मध्येच जनावर ओरडल्यासारखं काहीतरी. आता टाचणीताईंचा स्वभाव असा, की वाकडी शिवण दिसली की ती दुसऱ्याची असली तरी उसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जित्याची खोड ती.

"असा नाही हो," त्या म्हणाल्या. "हा काय बैल आहे?"

"मग कसा, ताई?"

"असा." आणि त्यांनी करून दाखवला. लांब श्वास घेतला, मध्ये अडकवला, तुकड्यातुकड्यांनी आत ओढला. उठून लाकडाच्या फळीवरून तळहात वरून खाली घसरवत आणला. तो माणूस आ वासून ऐकत राहिला, आणि त्याचं यंत्र चालूच होतं. "ताई, पुन्हा एकदा," तो म्हणाला. त्यांनी पुन्हा केलं, पहिल्यापेक्षा चांगलं.

घरी येऊन पायांतल्या चपला काढताना त्यांना कळलं आपण काय करून बसलो ते. पुस्तकात हा श्वास नव्हताच. धाकट्याने मुद्दाम नुसतं 'श्वास' एवढंच लिहिलं होतं. दादा शब्द वाचून हसला असेल, पण स्वतःचा श्वास कुणाला ओळखू येत नाही? आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता त्यांनी. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीत फोन केला, तो आवाज काढून टाका म्हणाल्या. "अहो ताई, ऐकून आमच्या साहेबांच्या अंगावर काटा आला," पलीकडचा आनंदाने म्हणाला. "आता तो काढायचा कसा?"

त्या रविवारी त्या संस्थेत गेल्या तर दादा बुशकोट घालून, केस विंचरून बसलेला. संस्थेतल्या नर्सने त्याला बातमी सांगितली होती.

"मला ने," तो म्हणाला.

"कुठे?"

"कुठे काय! धाकट्याच्या देशात."

"अजून काही झालेलं नाही रे. नुसती एक खोली आहे. धूळ आहे तिथे. तुला खोकला होईल."

"होऊ दे. खोकल्याने मेलो तर म्हणू, धाकट्याच्या देशात मेलो."

नर्सही वर म्हणाली, "न्या की ताई, आठवडाभर तेच चाललंय त्यांचं." काय सांगणार? नाही म्हणावं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण तर देता येत नाही. टाचणीताईंची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. रात्रभर त्यांनी या कुशीवरून त्या कुशीवर काढली आणि मनाशी एक ठरवलं. दादा त्या खोलीतून हसत बाहेर आला तर कंपनीला हो म्हणायचं, गुपितही राहिलं आणि पोरंही खूश. नाहीच हसला तर... त्यापुढे त्यांना विचार करवला नाही.

गोदामातली खोली पाहून त्यांची पाचावर धारण बसली. कारागिरांनी काम चोख केलं होतं. दोन लहान खाटा, वर तिरपं छत, कोपऱ्यात छोटा दिवा, आणि समोर लाकडी दार, त्याला आतून कडी. बघणाऱ्यांनी आत बाकांवर बसायचं. दादा पहिल्या बाकावर बसला आणि त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. टाचणीताई त्याला खेटून बसल्या. कंपनीचा माणूस मागच्या बाकावर होता. "आजोबा, घाबरणार नाही ना?" त्याने थट्टेने विचारलं.

"घाबरायलाच तर आलोय," दादा म्हणाला.

दिवा मंद झाला. खालून कुठूनतरी जिना वाजायला लागला. टाचणीताईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. त्यांना एकाएकी दुसऱ्या अंगाला धाकटा हवा होता, त्याच्या तोंडावर हात दाबायला. पावलं वर आली. दाराशी थांबली.

मग श्वास आला. त्यांच्याच तोंडचा, पण तो त्यांचा नव्हता. लांब आत गेला, अडकला, तुकड्यातुकड्यांनी उतरला. दारावरून तळहात घसरत खाली आला. टाचणीताईंनी न ठरवता श्वास रोखून धरला. एवढ्या वयात, मागे कंपनीचा माणूस बसलेला असताना, त्या दहा वर्षांच्या होऊन गप्प बसल्या. दादाकडे बघायची त्यांची छाती होईना.

शेजारचा बाक करकरला. दादा उठला होता. तो हसत नव्हता. तो सरळ दाराशी गेला, त्याने कडी काढली आणि दार ओढलं. ते हललं नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढलं.

"आजोबा, ते उघडत नाही," मागून कंपनीचा माणूस हसत म्हणाला. "मागे भिंत आहे नुसती."

"अहो, पण रडतोय तो," दादा म्हणाला.

श्वास पुन्हा आला. टाचणीताईंनी तो जन्मभर ओळखला होता, दुकानात, झोपेत, कुठेही. पण तो रडून रडून थकलेल्या माणसाचा आहे, हे त्यांना कधी ऐकूच आलं नव्हतं. आता ऐकू आलं.

दादा वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी फार जुनं आठवल्यासारखा तो त्यांच्याकडे बघत होता. "मीपण असाच उभा राहायचो गं, वर येऊन. तुम्ही दोघं झोपलेले असायचात. हाक मारली असती, पण धाकटा दचकला असता. जागे असतात तर उघडलं असतंत."

किती सोपं करून दिलं होतं त्याने! नुसती मान हलवायची होती. हो रे दादा, झोपलेले असायचो. आजवर त्या ज्याला भ्याल्या ते टळलं होतं. त्या मान हलवायला गेल्या आणि मान हलेना.

"दादा," त्या म्हणाल्या, "आम्ही जागे असायचो."

"दोघंही?"

"दोघंही."

"मग उघडलं का नाही?"

"भीती वाटायची."

"कुणाची?"

"तुझी, दादा."

दिवा पूर्ण उजेड देऊ लागला. खेळ संपला होता. कंपनीचा माणूस पुढे आला, दोघांच्या तोंडांकडे बघून जरा बावरला, पण धंद्याचा माणूस तो. "मग ताई? जमलंय ना? हो समजू?"

"ह्या दाराशिवाय करता येत असेल तर करा," टाचणीताई म्हणाल्या.

"अहो, लोक ह्या दारासाठीच येणार!"

"मग नाही."

"ताई, पोरांचा तरी विचार..."

"नाही म्हटलं ना."

दादाचं त्या दोघांकडे लक्ष नव्हतं. त्याचा तळहात अजून दारावर होता.

"मला खालच्या खोलीची भीती वाटायची," तो म्हणाला. "म्हणून तर वर यायचो."