वजन खाली ठेवताना

व्यायामाचं यंत्र मी वापरलेलंच विकत घेतलं. पुण्यातल्या एका सोसायटीतलं बिऱ्हाड हलत होतं, त्यांना ते नकोसं झालं होतं. टेम्पोत घालून बोरी बुद्रुकला आणलं आणि कांद्याच्या वखारीशेजारच्या खोलीत उभं केलं. लोखंडी सांगाडा, त्यात एकावर एक रचलेल्या वजनाच्या चकत्या, वर कप्प्या आणि त्यांवरून खाली आलेली तार. तारेच्या टोकाचा दांडा ओढला की चकत्या वर जायच्या. मी तेव्हा चाकणला कंपनीत होतो, घरचे मुली बघत होते आणि मला दंड हवे होते. हौसेला मोल नसतं.

आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्या दिवशी दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"उचललं ते परत तिथंच ठिवायचं?"

"हो."

"मग उचललं कशापायी? लोकं पैसं घेऊन हमाली करत्यात, तू पैसं मोजून करतोस व्हय रं?"

मला राग आला. राग मला त्यांच्याकडूनच मिळालाय. मी दांडा जोरात ओढला आणि दिला सोडून. चकत्या धाडकन आदळल्या.

"आसं सोडायचं न्हाई," आबा म्हणाले. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

तरुणपणी त्यांनी आमच्या विहिरीवर मोट हाकलेली. बैल उतारावरून पुढं गेले की भरलेली मोट वर येते, ते सगळेच बघतात. पण नंतर बैल उलट्या पावलांनी विहिरीकडं आणायचे आणि रिकामी मोट सावकाश खाली उतरवायची. नाडा, म्हणजे मोटेचा दोर, एकदम ढिला पडला तर मोट खडकावर आपटून फाटते.

"वढाय कुनीबी वढतं," ते म्हणाले. "मागं न्यायला मानूस लागतो."

मी मान हलवली आणि चकत्या आदळतच राहिलो.

पुढं दोनेक वर्षांनी, गव्हाला पाणी देताना, आबा बांधावरच कोसळले. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात आणि पाय गेला आणि वाचाही गेली. ज्यांच्या तोंडाला सगळी भावकी टरकून असायची, त्यांच्या तोंडून नुसती हवा यायची. डॉक्टर म्हणाले, हात कदाचित येईल, बोलणं सांगता येत नाही. मला हातापेक्षा बोलणं हवं होतं. त्यांनी मला एकदा तरी शिवी घालावी, असं वाटायचं.

नारायणगावाहून व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी ते यंत्र पाहिलं आणि म्हणाल्या, हे छान आहे. सगळ्यात हलकी चकती तेवढी ठेवली. बोटं मिटत नव्हती, म्हणून आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं हात दांड्याला बांधला.

"ओढा, बाबा. आता हळू सोडा. सोडताना घाई नको."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडाची एक बाजू हसली.

रोज सकाळी मी ते करून घ्यायचो आणि मध्येमध्ये त्यांच्या मागं लागायचो. आबा, पाणी म्हणा. आबा, आई म्हणा. ते मान फिरवायचे. मला त्यांचाच राग यायचा, मग बाहेर गेल्यावर स्वतःचा.

एका सकाळी चकती खाली येत असताना त्यांच्या घशातून घरघर आली.

"मागं."

मी दांडा धरूनच थांबलो. त्यांनी पुन्हा ओढलं. चकती वर गेली, खाली यायला लागली. "मागं... मागं..."

मी आईला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली, दाराशी थबकली.

"बैलांना आसंच म्हनायचे रं," ती म्हणाली आणि तिथंच खाली बसून रडली. मीही रडलो.

दुसरा शब्द कधी आलाच नाही. पाणी हवं तरी मागं, पंखा बंद करा तरी मागं, पाहुणा नकोसा झाला तरी मागं. सुरावरून आम्हाला कळायचं. नकोसा झालेला पाहुणा मात्र खुर्ची मागं सरकवून बसायचा.

पुढच्या वर्षी दुसरा झटका आला. दवाखान्यातून घरी न्या म्हणाले. सगळ्यांना कळलं होतं, मला कळून घ्यायचं नव्हतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. यंत्राच्या खोलीत नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी खाटेवरच त्यांचा हात वरखाली करायचो, पाठीखाली हात घालून त्यांना उठवून बसवायचो.

"बसा, आबा. अजून थोडं."

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. अंग माझ्या हातावर ओझ्यासारखं पडलं होतं.

"मागं," ते म्हणाले. रागानं नाही. दमलेल्या बैलांना म्हणतात तसं.

मी त्यांना खाली न्यायला लागलो. पाठ सोडली नाही, मानेखाली तळवा ठेवला, थोडं थोडं करत उशीपर्यंत आणलं. दुपारी ते गेले.

डोकं उशीला टेकलं, तेव्हा मी आवाज होऊ दिला नव्हता.