खुर्चीत बसले की दादा येतो

निमी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "आणि हे?" पलीकडे तिचाच एक विद्यार्थी होता, आता स्वतः डॉक्टर झालेला. त्याला वाटलं असणार, धक्क्याने म्हातारीचं डोकं फिरलं. कारण 'हे' म्हणजे माझे यजमान, निमीचे थोरले भाऊ रघुनाथ, त्यांना जाऊन पंचवीसेक वर्षं झाली आहेत. माझं डोकं ठिकाणावर होतं. पण गेली कित्येक वर्षं, नवी बॅच आली की हे तासाभरासाठी निमीच्या वर्गात येत आणि तिच्याबरोबरच परत जात. निमी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही म्हणे. मग त्यांचं काय झालं, हे मी विचारायचं नाही?

मी सुरतेतल्या मराठी शाळेत जन्मभर बाराखडी शिकवली आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि उताराबितारा करणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते. तरी जे पाहिलं ते सांगते. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत नवागामला आमच्या दोन खोल्या, हे बमरोलीच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारागीर, आणि माझी नणंद निमी आमच्याकडे राहून डॉक्टरकी शिकत होती. नणंद-भावजयीचं जे असतं ते आमचंही होतं. माझ्या भाकरी तिला जाड वाटत आणि तिचं बोलणं मला वरच्या पट्टीतलं वाटे. मी तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवी, हे मात्र ती पहिल्या वर्षाला असल्यापासून अख्ख्या गल्लीला खरोखरच तसं सांगत सुटलेले. हे मायाळू होते, हसरे होते, आणि रोज पीत होते. गुजरातमध्ये दारूबंदी आहे हे ज्याला खरं वाटतं त्याने आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक संध्याकाळ उभं राहावं. दारूची पोटली दुधाच्या पिशवीसारखी यायची, आणि दुधापेक्षा वेळेवर यायची. निमीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरचा माणूस घरचाच असतो, तो पुस्तकातला रोगी कसा असेल?

खात्याच्या जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला. मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. तरुण डॉक्टर उभ्या उभ्या, कागदावरची नजर न काढता प्रश्न विचारत होता. विडी? तंबाखू? दारू? हे हसून म्हणाले, "साहेब, इधर तो बंदी है ना, कहाँ से पियेगा?" डॉक्टर हसला, कंपाउंडर हसला, आणि 'नाही' असं लिहिलं गेलं. मी डबा घेऊन दारात उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना दरदरून घाम आणि हातांना कापरं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी पाहिलं तर हे खाटेवर उठून बसलेले आणि हवेत दोरा जोडत होते. डाव्या हाताची चिमूट धरलेली, उजव्या हाताची बोटं ओठाला लावून ओली करायची, पीळ द्यायचा, गाठ मारायची, उरलेला धागा दातांनी तोडायचा. चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. कामावर असलेल्या माणसाचा चेहरा होता तो. शेजारच्या खाटेजवळची बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाहेरचं दिसतंय." तेवढ्यात निमी कॉलेजातून धावत आली. तिला बघून हे आमच्या अहिराणीत म्हणाले, "धर व निमी, दोरा तुटना. लूम बंद पडी जाई." आणि तिने बोट पुढे केलं. त्यांनी त्या बोटाला काहीतरी बांधलं... आम्हाला कोणालाच न दिसणारं. तिला वाटलं ताप डोक्यात गेला आहे. ती तापाच्या औषधासाठी पळाली. दारू एकाएकी तुटली की तिसऱ्या दिवशी उठणाऱ्या ज्या आजाराचं नाव तिला परीक्षेत तोंडपाठ होतं, तो तिच्या बोटाला गाठ मारत होता आणि तिला तो ओळखता आला नाही. संध्याकाळी हे गेले.

या गोष्टीवर आम्ही दोघी वर्षानुवर्षं बोललो नाही. निमीने लग्न केलं नाही, पुढे वेगळं बिऱ्हाड केलं, नोकरी मेडिकल कॉलेजात शिकवण्याचीच धरली, आणि तिथे एक तास स्वतःच मागून घेतला. पोरांना दारुड्या ओळखायला शिकवायचं. "या राज्यात 'घेता का' असं विचारलं की उत्तर एकच येतं," ती सांगे. "म्हणून आधी सांगा, मी पोलीस नाही. मग बसा. उभ्याने विचारलेल्या प्रश्नाला उभ्यानेच उत्तर मिळतं. आणि विचारा, शेवटची कधी घेतली?" औषध वेळेवर सुरू झालं तर पुढचं सगळं टाळता येतं, हे ती इतक्या वेळा सांगे की मलाही पाठ झालं. आधी व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन, मग सलाईन. खोलीत उजेड आणि जवळ ओळखीचं माणूस.

एकदा कौतुकाने मी तिचा तास बघायला गेले. शेवटच्या बाकावर बसले. खिडक्यांतून ऊन येत होतं, पंखे गरगरत होते, भुतांना यायला काही कारणच नव्हतं. निमीने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आता मी पेशंट." खुर्चीत बसली. एका मुलाने विचारलं, "दारू पीते हो?" निमीने उजवा हात मांडीखाली दाबला, मान जरा तिरपी केली, नाकात अडकल्यासारखं हसली आणि म्हणाली, "साहेब, इधर तो बंदी है ना, कहाँ से पियेगा?"

हात मांडीखाली दाबायची सवय तिने भावाची पाहिली असेल. हसणं बहिणीच्या नाकात उतरू शकतं. पण ते वाक्य? ते बोलले तेव्हा निमी तिथे नव्हती. ऐकलं होतं ते मी, आणि ते मी जन्मात कोणाला सांगितलेलं नव्हतं. पुढे तिने तिसरा दिवस दाखवला. हवेत चिमूट, ओली बोटं, पीळ, गाठ. वर्गात कोणी हसलं नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने भारल्यासारखा हात पुढे केला, तर निमीने तिच्या बोटाला गाठ मारली. तास संपून सगळे बाहेर पडले तरी ती मुलगी आपलं बोट चोळत होती.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "माझ्या नवऱ्याचा तमाशा मांडतेस? मेल्यावर तरी माणसाला सुखाने पडू दे." तिच्या हातातली कपबशी वाजत होती. खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन पिणारी ही बाई, आणि तिच्या हातांना त्यांचंच कापरं.

"वहिनी, मी नक्कल नाही करत," ती म्हणाली. "मी खुर्चीत बसले की दादा येतो."

"आणि जातात कधी?"

"कधी कधी... दुसऱ्या दिवशी."

मी घाबरले. हे येतात याचं भय नव्हतं हो, ते माझेच होते. भय होतं ते निमीचं. एके सकाळी गॅसपाशी उभी असताना तिची चिमूट धरलेली मी पाहिली होती, दूध उतू जात होतं आणि तिला पत्ता नव्हता. शपथ घालून मी तिला ते बंद करायला लावलं. तिनेही ऐकलं. त्या वर्षी तिने भिंतीवर चित्रं दाखवून शिकवलं. मुलांनी छान उत्तरं लिहिली, अगदी तिने स्वतः कधीकाळी लिहिली होती तशी. मग हजीऱ्याच्या कारखान्यातला एक वेल्डर हात भाजून दाखल झाला. त्याच बॅचच्या एकाने त्याच्या कागदावर 'व्यसन नाही' असं लिहिलं. निमी माझ्याकडे आली, चपला न काढताच बसली आणि एवढंच बोलली, "तिसऱ्या दिवशी खाटेवर उभा राहून वेल्डिंग करत होता, वहिनी. डोळ्यांवर हात धरून... ठिणग्या लागू नयेत म्हणून." त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्याची बायको दवाखान्याच्या दारात उभी असेल, डबा घेऊन, एवढंच मनात आलं.

मी म्हणाले, "ने त्यांना. पण तास झाला की घरी आणून सोडत जा."

तेव्हापासून तिने तो नेम पाळला. त्या दिवशी वर्गातून ती थेट माझ्याकडे येई. तिचे हात शांत होईपर्यंत आम्ही दोघी बसून राहायचो. मी वांगी चिरत असे, नाहीतर वह्या तपासत असे. मग ती एकदम म्हणे, "आणला गं," आणि नेहमीच्या आवाजात माझ्या भाकरींना नावं ठेवायला लागे. अशी जिवाची नणंद कोणाला मिळेल? मला सख्खी बहीण नाही, आणि असती तरी तिने माझ्या नवऱ्याला हाताला धरून असं नेलं-आणलं नसतं. म्हणून फोनवर मी विचारलं, आणि हे? आता त्यांना आणून सोडणार कोण? तिच्या घरात, त्या दुपारी, एकटे राहिले की काय? रात्रंदिवस मला तोच घोर लागला होता.

मागच्या आठवड्यात निमीच्या वर्गातल्या मुलांनी मला बोलावलं. बाईंचा तास ते स्वतःच घेणार होते. हार नाही, भाषणं नाहीत, तेच टेबल आणि तीच खुर्ची. राजकोटकडची एक मुलगी पेशंट म्हणून बसली. खान्देश कुठल्या दिशेला आहे हेही तिला ठाऊक नसेल. मी शेवटच्या बाकावर होते. डॉक्टरची भूमिका घेतलेल्या एका मुलाने खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला, नीट विचारलं. मुलीने मांडीखाली हात दाबला, आणि तिच्या तोंडून ते हसणं आलं, नाकात अडकलेलं. "साहेब, इधर तो बंदी है ना..." मी बाक घट्ट धरला. हे तिथेच होते. कोणी न्यायला येईल म्हणून ताटकळत असल्यासारखे तिथेच होते.

तो मुलगा हसला नाही. त्याने काही लिहिलंही नाही. उठला, बाकांच्या मधून सरळ माझ्याकडे चालत आला. मी कोण हे त्याला माहीत होतं की नाही, देव जाणे. त्याला पेशंटच्या घरचं माणूस हवं होतं, आणि वर्गात वयाने मोठी मी एकटीच. माझ्याशेजारी बाकावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मासी, मैं पुलिस नहीं हूँ. इन्होंने आखिरी कब ली थी?"

पंचवीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. निमीनेसुद्धा नाही. तो वाट बघत बसून राहिला, त्याला जरासुद्धा घाई नव्हती. समोर खुर्चीतली ती मुलगी मान तिरपी करून माझ्याकडे बघत होती.

"पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी," मी म्हणाले. "त्याच्या आधी रोज. रोज घेत होते, बाबा."

त्याने बोटांवर हिशोब केला, तिसरा दिवस अजून उजाडायचा होता.

"फिर तो अभी टाइम है, मासी," तो म्हणाला. "आज से ही दवा चालू करते हैं."